नॉक्स सेन्सर बदलण्याआधी: बीएस-६ लक्झरी डिझेलमधल्या एक्झॉस्ट सेन्सरांची निगा

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला की पी-२२०१ किंवा पी-२२९एफ असा कोड निघतो, त्याच्यापुढे ‘नॉक्स सेन्सर’ ही अक्षरं दिसतात आणि अंदाजपत्रकात तोच सेन्सर पाच आकडी किमतीसह चढतो. सेन्सर बदलला जातो, दिवा विझतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा लागतो. यामागचं नेहमीचं कारण असं की कोडमध्ये ज्याचं नाव आलं तोच बिघडला, असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. प्रत्यक्षात गाडीचा संगणक एवढंच म्हणत असतो की या जागेवरून येणारा आकडा मला पटत नाही. तो का पटत नाही हे शोधायला अर्धा तास, एक बरा स्कॅनर आणि साधा मल्टिमीटर लागतो.

उदाहरण म्हणून मर्सिडीजची ई २२० डी घेऊ. तिचं दोन लिटरचं ओएम-६५४ इंजिन २०१६ साली आलं. बीएमडब्ल्यूची ३२० डी किंवा ५२० डी असेल तरी मांडणीचं तत्त्व तेच, जागा आणि सेन्सरांची संख्या मात्र वर्षागणिक बदलते. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुरातल्या प्रदूषणाचं भारत स्टेज-६ हे मानक लागू झालं आणि डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची, म्हणजे नॉक्सची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली. एवढी घट एकट्या इंजिनाच्या ट्यूनिंगने होत नाही. म्हणून अ‍ॅडब्लू, म्हणजे धुरात फवारायचं युरियाचं द्रावण आलं, आणि ते किती फवारायचं हे ठरवायला सेन्सर आले.

धुराच्या वाटेवर कोण कुठे बसलंय

टर्बोतून निघालेला धूर आधी ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टमधून जातो, मग त्यात अ‍ॅडब्लूचा फवारा मिसळतो, मग काजळी अडवणारा डीपीएफ आणि नॉक्स मोडणारा एससीआर कॅटॅलिस्ट येतो. ओएम-६५४ मध्ये हे सगळं इंजिनाला खेटून आहे आणि डीपीएफच्या जाळीवरच एससीआरचा लेप आहे. या वाटेवर सुरुवातीला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर असतो. तीन-चार ठिकाणी धुराचं तापमान मोजणारे सेन्सर असतात. डीपीएफच्या आधीचा आणि नंतरचा दाब दोन नळ्यांनी एका छोट्या डबीपर्यंत आणलेला असतो, तो दाबफरकाचा सेन्सर. नॉक्स सेन्सर दोन: एक अ‍ॅडब्लू पडण्याआधी, एक एससीआरनंतर. शिवाय अ‍ॅडब्लूच्या टाकीत पातळी, तापमान आणि बऱ्याच गाड्यांत द्रावणाचा दर्जा मोजणारा भाग असतो.

पेट्रोल लक्झरी गाडीत चित्र सोपं आहे. कॅटॅलिस्टच्या आधी वाइडबँड लॅम्डा, म्हणजे ऑक्सिजन किती हे नेमकं मोजणारा, आणि नंतर साधा लॅम्डा. व्ही-६ किंवा व्ही-८ असेल तर दोन्ही बाजूंना मिळून चार.

हे मोजतात कसं

साध्या लॅम्डाच्या टोकात झिर्कोनियाची चिनीमाती असते. ती तापली की सेन्सरच्या पोटात आलेली बाहेरची हवा आणि धूर यांच्यातल्या ऑक्सिजनच्या फरकावरून व्होल्टेज तयार होतं: हवा जास्त असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, इंधन जास्त असेल तर ०.९ च्या आसपास. तुलनेसाठीची ती हवा बाहेरून, वायरच्या तारांमधल्या फटींतून आत जाते. म्हणूनच लॅम्डाची वायर तुटली तर सोल्डर करायची नसते. सोल्डरने ती वाट बुजते आणि सेन्सर धडधाकट असूनही खोटं सांगायला लागतो. दाबून बसवायचे, पाणी न शिरणारे जोड वापरावेत, नाहीतर पूर्ण सेन्सर बदलावा.

नॉक्स सेन्सर त्याच चिनीमातीचा, पण आत दोन कप्पे. पहिल्या कप्प्यात धुरातला मोकळा ऑक्सिजन पंप करून बाहेर काढला जातो. दुसऱ्यात नॉक्सचे रेणू फोडले जातात, त्यातून सुटलेला ऑक्सिजन मोजला जातो आणि त्यावरून पीपीएमचा, म्हणजे दहा लाख भागांत किती याचा आकडा निघतो. टोक आठशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं. सिग्नल इतका क्षीण असतो की वायरच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं कंट्रोल मॉड्यूल लागतं, आणि ते आकडा कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या मॉड्यूलांना जोडणाऱ्या दोन तारांच्या जोडीवरून, इंजिनाच्या संगणकाला पाठवतं. सेन्सर आणि मॉड्यूल कारखान्यात जोडीनेच कॅलिब्रेट होतात. एका गाडीचं टोक आणि दुसऱ्या गाडीचं मॉड्यूल जोडून देणाऱ्याला नम्रपणे नको म्हणावं.

या सेन्सरचे दोन स्वभाव माहीत असले की निम्मं निदान तिथेच होतं. पहिला: तो ओलाव्याला घाबरतो. तापलेल्या चिनीमातीवर पाण्याचा थेंब पडला तर तिला तडा जातो, म्हणून पाइप कोरडा झाल्याची खात्री होईपर्यंत संगणक त्याचा हीटर पूर्ण चालूच करत नाही. दादर ते बीकेसी एवढीच रोजची धाव असेल तर तो जेमतेम जागा होईपर्यंत गाडी पार्क झालेली असते. दुसरा: त्याला अमोनिया आणि नॉक्स यांतला फरक कळत नाही. अ‍ॅडब्लू गरजेपेक्षा जास्त पडलं आणि न वापरलेला अमोनिया मागून निघाला, तर मागचा सेन्सर तोच ‘नॉक्स वाढला’ म्हणून मोजतो. गळका अ‍ॅडब्लू इंजेक्टर असा सेन्सरच्या नावावर खपतो.

आधी आकडे बघा

इंजिन रात्रभर थंड राहू द्या. सकाळी इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू करू नका. स्कॅनरवर धुराच्या तापमानाचे सगळे सेन्सर बाहेरच्या हवेच्या जवळपासचं आणि एकमेकांशी जुळणारं तापमान दाखवायला हवेत. एखादाच तीस-चाळीस अंश वेगळा निघाला तर तो किंवा त्याचं कपलर, म्हणजे वायरचा जोड, संशयित. बऱ्याच युरोपीय गाड्यांत पीटी-२०० जातीचे सेन्सर असतात. कपलर काढून मल्टिमीटरने मोजलं तर साधारण २५ अंशांना २२० ओहमच्या आसपास भरतात. रोध अनंत आला तर आतली तार तुटली आहे.

त्याच वेळी डीपीएफचा दाबफरक शून्याला चिकटून हवा. इंजिन बंद असताना तो १५-२० मिलिबार दाखवत असेल तर सेन्सर सरकलाय. मग इंजिन सुरू करून गरम करा. आयडलला हा आकडा लहान असतो, रेस वाढवली की क्रमाने वर जातो आणि पाय काढला की लगेच खाली येतो. आकडा हलतच नसेल तर नळी फुटली, सुटली किंवा काजळीने बुजली आहे. नळ्या साफ करता येतात, पण आधी त्या सेन्सरपासून सोडवा आणि मगच डीपीएफच्या दिशेने हवा मारा. कॉम्प्रेसरची हवा सेन्सरमध्ये गेली तर आतला पडदा फाटतो. पी-२४५२ ते पी-२४५५ या दाबफरकाच्या सेन्सरच्या कोडांवर नवा डीपीएफ सुचवला गेला, तर आधी या दोन नळ्या हाताने चाचपून बघायला सांगा.

नॉक्स सेन्सरसाठी रस्त्यावरची चाचणी सगळ्यात भरवशाची. गाडी पूर्ण गरम करा, सोबत एक जण स्कॅनर घेऊन बसवा. मोकळ्या उतारावर गिअरमध्येच पाय पूर्ण काढा. इंधन बंद होतं, सिलिंडरमधून निव्वळ हवा जाते. काही सेकंदांत दोन्ही नॉक्स आकडे शून्याकडे यायला हवेत आणि ऑक्सिजन २१ टक्क्यांकडे. तिथेही नॉक्स ८०-१०० पीपीएमवर अडकून बसला तर सेन्सर खरंच गेलाय. शून्यावर आला, पण स्थिर वेगात पुढचा आणि मागचा आकडा जवळजवळ सारखाच असेल, तर सेन्सर खरं बोलतो आहे आणि एससीआर काम करत नाही. म्हणजे अ‍ॅडब्लू पडत नाही, निकृष्ट आहे, किंवा कॅटॅलिस्ट थकलं आहे. अशा वेळी सोबत बहुधा पी-२०ईई, म्हणजे एससीआर कमी पडत असल्याचा कोड असतो. हा कोड सोबत असताना नुसता नॉक्स सेन्सर बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं.

आकडाच येत नसेल तर मॉड्यूलच्या कपलरवर १२ व्होल्ट आणि अर्थिंग तपासा. नंतर बॅटरी सोडून कॅनच्या दोन तारांमधला रोध मोजा: दोन्ही टोकांना टर्मिनेशन, म्हणजे रोधक असलेल्या बसवर तो ६० ओहमच्या जवळ येतो. १२० आला तर कुठेतरी तार तुटली आहे, शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे. मॉड्यूल गाडीच्या पोटाखाली असेल तर कपलर उघडून हिरवट गंज दिसतो का बघा. पावसाळ्यात इंजिन बेमध्ये ऊब शोधत आलेले उंदीर हे आपल्याकडचं दुसरं मोठं कारण. हार्नेसवर, म्हणजे वायरींच्या जुडग्यावर दातांच्या खुणा दिसल्या तर सेन्सरची ऑर्डर थांबवा.

पेट्रोल गाडीत काम थोडक्यात आटोपतं. गरम इंजिनाला मागचा लॅम्डा ०.६ ते ०.८ व्होल्टच्या दरम्यान शांत असावा. तो भराभर खाली-वर होत असेल तर पी-०४२० हा कॅटॅलिस्टचा कोड खरा आहे, कॅटॅलिस्ट संपलंय. फ्यूएल ट्रिम, म्हणजे संगणकाने इंधनात केलेली कमी-जास्ती, अधिक-उणे १० टक्क्यांच्या बाहेर असेल तर आधी हवेची गळती, इंजेक्टर आणि इंधनाचा दाब तपासा. हीटरचा कोड, म्हणजे पी-०१३५ किंवा पी-०१४१ आला तर आधी फ्यूज बघा. मग हीटरच्या दोन तारांमध्ये रोध मोजा. थंड सेन्सरला तो काही ओहम भरतो.

सेन्सर मरतात कशाने

वयाने मरतात त्याहून जास्त मारले जातात. मॅनिफोल्डच्या जोडाला बारीक गळती असेल तर धुराच्या ठोक्यांबरोबर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि लॅम्डा ‘हवा जास्त’ असं सांगतो. जोडाभोवती काळा डाग दिसतोय का बघा. इंजिन ऑइल खात असेल तर त्यातला फॉस्फरस चिनीमातीवर थर धरतो. हेड गॅस्केटमधून कूलंट झिरपत असेल तर पांढरा कवचासारखा थर येतो. सिलिकॉन हे खास विष आहे: साधा सिलिकॉन गॅस्केट मेकर किंवा डिटेलिंगवाल्याने इंजिनाला चकाकी आणायला मारलेला स्प्रे, दोन्हींची वाफ हवेच्या वाटेने आत जाते. गॅस्केटसाठी ट्यूबवर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलंच घ्यावं. असा थर बसलेला लॅम्डा कार्ब क्लीनरने धुऊन जिवंत होत नाही.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. मुंबईत हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाणी भरतं तेव्हा सगळ्यांना हवेच्या तोंडातून इंजिनात पाणी जाण्याची भीती असते, ती रास्तच आहे. पण तापलेल्या नॉक्स आणि लॅम्डा सेन्सरचं नुकसान त्याआधीच होऊ शकतं. गाडी पाण्यात बंद पडली आणि सायलेन्सर बुडाला असेल तर स्टार्ट बटण दाबत बसू नका. टो करून न्या, पाइपमधलं पाणी काढून घ्या, मॉड्यूलचे कपलर कोरडे करून मगच इंजिन सुरू करा.

ऑइलचं पथ्य डीपीएफसाठी आहे, पण त्याचा त्रास सेन्सरच्या आकड्यांत दिसतो. मर्सिडीजसाठी डब्यावर एमबी २२९.५१ किंवा २२९.५२, बीएमडब्ल्यूसाठी एलएल-०४, फोक्सवॅगन-ऑडीसाठी ५०७.०० अशी मान्यता लिहिलेली असावी. ५डब्ल्यू-३० हा दाटपणाचा आकडा जुळला म्हणून भागत नाही. जास्त राखेचं ऑइल जळलं की ती राख डीपीएफमध्ये कायमची राहते. काजळी जाळून टाकता येते, राख नाही. काजळी जळण्यासाठी धूर साडेपाचशे-सहाशे अंशांवर जावा लागतो, म्हणून शहरात फिरणाऱ्या गाडीला दहा-पंधरा दिवसांतून एकदा द्रुतगती मार्गावर सलग २५-३० मिनिटं, ८० ते १०० च्या वेगाने चालवा. काजळी जाळण्याचं हे काम, म्हणजे रीजनरेशन चालू असताना आयडल किंचित वाढतो, पंखा जोरात फिरतो, जळका वास येतो. नेमकी तेव्हाच गाडी बंद करायची सवय असेल तर डीपीएफ लवकर भरतो.

अ‍ॅडब्लू: स्वस्तात पडणारं, महागात जाणारं

अ‍ॅडब्लू म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि उरलेलं खनिजमुक्त पाणी. मानक आयएसओ २२२४१. बाटलीवर किंवा कॅनवर हा आकडा आणि उत्पादनाची तारीख नसेल तर घेऊ नका. गारठ्यात ते उणे ११ अंशांना गोठतं, महाराष्ट्रात तो प्रश्न नाही. आपला शत्रू उन्हाळा. २५ अंशांखाली ठेवलं तर दीड वर्ष टिकतं, ३० अंशांपर्यंत एक वर्ष, ३५ अंशांना जेमतेम सहा महिने. नागपूर-अकोल्यात मे महिन्यात डिकीत ठेवलेला जादा कॅन म्हणजे खराब द्रावणाचा साठा. घरात, सावलीत ठेवा. शंका असेल तर अ‍ॅडब्लूसाठीच्या रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब टाकून बघा: ३१.८ ते ३३.२ च्या दरम्यान वाचन यायला हवं. पी-२०७एफ हा दर्जाचा कोड आला की पहिली चाचणी हीच.

खतांच्या दुकानातला युरिया पाण्यात विरघळवून ‘तेच तर आहे’ म्हणणारे भेटतात. ते तेच नाही. शेतीच्या युरियावर २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे, शिवाय त्यात बाययुरेट ही युरियातली अशुद्धी असते. अ‍ॅडब्लूमध्ये बाययुरेट ०.३ टक्क्यांपलीकडे चालत नाही. नळाच्या पाण्यातले क्षार एससीआरवर आणि इंजेक्टरच्या भोकांत बसतात. शेतकऱ्याच्या अनुदानाचा माल गाडीत ओतणं बेकायदा आहे, ते वेगळंच.

भरताना सांडलं तर लगेच साध्या पाण्याने धुवा, सुकलं की पांढरे स्फटिक होतात आणि कपलरमध्ये शिरतात. इंजेक्टरच्या तोंडावर हेच स्फटिक साचले तर ते कोमट पाण्याने विरघळतात, खरवडायची गरज नाही. इशारा लागल्यावर एक लिटर ओतून भागत नाही, मॅन्युअलमधली किमान मात्रा भरा, नाहीतर पातळी वाढल्याचं गाडी ओळखत नाही. चुकून डिझेलच्या टाकीत अ‍ॅडब्लू गेलं तर इग्निशनही ऑन करू नका, पंप फिरला की नुकसान हाय-प्रेशर लाइनपर्यंत पोहोचतं.

डॅशबोर्डवर ‘इतक्या किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही’ अशी उलटी मोजणी दिसली तर ती पोकळ धमकी नसते. गाडी चालत राहते, पण मोजणी संपल्यावर बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होत नाही. आकडा शून्याला पोहोचण्याआधी गॅरेज गाठा.

बदलायचाच ठरला तर

चेसिस नंबरवरून भाग क्रमांक काढा आणि शेवटची अक्षरंही जुळवा. गाडी उचलण्याआधी एअर सस्पेन्शन असेल तर जॅक मोड लावा, स्टँडशिवाय खाली जाऊ नका. बॅटरीची ऋण तार सोडा.

पूर्ण थंड पाइपमधून सेन्सर निघत नाही, तापलेल्यातून हात भाजतो. थोडा कोमट असताना काढा. फटीचं २२ मिमीचं सॉकेट वापरा, वायर फटीतून बाहेर राहते. गंजलेल्या आट्यांवर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारा, पण नवा सेन्सर बसवण्याआधी ते पुसून काढा. जोर लावूनही हलत नसेल तर पाव फेरा उलट, पाव फेरा सुलट करत काढा. पाइपचे आटे खराब झाले असतील तर लॅम्डासाठी साधारण एम-१८ बाय १.५ आणि नॉक्ससाठी एम-२० बाय १.५ चा टॅप फिरवून साफ करा. नक्की माप सेन्सरवरून घ्या.

नव्याच्या आट्यांवर ग्रीस कारखान्यातूनच लावलेली असते. आणखी लावू नका, टोकाला तर बोटही लावू नका. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर बाहेरून चांगला दिसला तरी बसवू नये, आतली चिनीमाती तडकलेली असू शकते. आधी हाताने आटे धरू द्या, मग टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला घट्ट करा. तो बहुधा ४० ते ५० न्यूटन-मीटर असतो. वायरला पीळ पडू देऊ नका: कपलर शेवटी जोडा. वायर मूळ क्लिपांमधूनच न्या आणि मॉड्यूल त्याच्या मूळ ब्रॅकेटवर बसवा. पाइपला टेकलेली वायर आठवड्यात वितळते.

मग कोड पुसा आणि स्कॅनरमधून नव्या सेन्सरचं अ‍ॅडॅप्टेशन रीसेट करा. त्यासाठी कंपनीचं निदान सॉफ्टवेअर लागतं: मर्सिडीजला झेंट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा, ऑडीला ओडिस. साध्या ब्लूटूथ डोंगलने कोड पुसता येतो, हे रीसेट बहुधा होत नाही, आणि जुन्या सेन्सरच्या दुरुस्त्या नव्यावर लादल्या गेल्याने दिवा परत येतो. त्यानंतर शहर आणि महामार्ग मिळून सलग फेरी मारा. उलटी मोजणी चालू असेल तर एससीआरची कार्यक्षमता चाचणी गॅरेजमधून चालवून घ्यावी लागते.

सेन्सरऐवजी एम्युलेटर बसवून ‘सगळं ठीक’ असा खोटा आकडा पाठवणं स्वस्त पडतं आणि पीयूसीतही पकडलं जात नाही, कारण डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात, नॉक्स मोजतच नाहीत. म्हणूनच पीयूसी मिळालं याचा अर्थ सेन्सर ठीक आहेत असा काढू नका. वापरलेली लक्झरी डिझेल घेताना हे विशेष सांभाळा: दिवा बंद आहे एवढ्यावर खूश न होता स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या का हे दाखवणारी यादी उघडा. सगळे ‘अपूर्ण’ दिसले तर कोड नुकतेच पुसलेले असण्याची शक्यता मोठी. तीन-चार दिवस गाडी चालवल्यावर पुन्हा बघू असं विक्रेत्याला सांगा, आणि वरची उताराची चाचणी पैसे देण्याआधी करा.